ब्रनो ते होडोनीन : रोमा इतिहासाच्या एका दिवसाच्या सहलीविषयी

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात नोकरीनिमित्त राहून मला आता चार वर्षे होत आली आहेत. गेल्या मे महिन्यात आईबाबा सोलापूरहून महिनाभरासाठी आले होते. प्राग आणि व्हिएन्ना पाहून झाल्यावर एक दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता. रोमा समाजाचा, म्हणजे ज्यांना एरवी जिप्सी म्हटले जाते त्या लोकांचा, इतिहास सांगणारी दिवसभराची सहल येथे एक छोटा गट चालवतो, तिला दोघांना न्यायचे हे त्यांची तिकिटे काढतानाच मी ठरवले होते. सकाळी शहरातील रोमा वस्तीतून पायी फेरी, मग रोमा संस्कृती संग्रहालय, दुपारी एका रोमा कुटुंबाच्या घरी जेवण आणि शेवटी गाडीने होडोनीन येथील नाझी काळातील छावणीचे स्मारक, असा तिचा क्रम आहे. माणशी १,६०० कोरुना शुल्कात जेवण, प्रवेश आणि गाडी हे सगळे येते. एका वेळी आठच माणसे घेतात, त्यामुळे नाव आधी नोंदवावे लागते. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये ‘जिप्सी म्हणजे मूळचे आपलेच ना?’ हा प्रश्न हटकून निघतो. हा प्रश्न कोठून सुरू करावा आणि तो कोठपर्यंत न्यावा लागतो, हे या सहलीने मला जितके नीट दाखवले तितके दुसऱ्या कशाने दाखवले नाही, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मी या सहलीकडे का वळले, ते आधी सांगायला हवे. ब्रनोला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका मोठ्या किराणा दुकानात सुरक्षारक्षक माझ्या मागे मागे फिरत होता. मी डाळींच्या फडताळापाशी थांबले की तोही थांबे, मी वळले की तोही वळे. शेवटी मी फोनवर मैत्रिणीशी इंग्रजीत बोलू लागले, तेव्हा तो लगेच बाजूला झाला आणि किंचित हसला. मी परदेशी आहे, ‘त्यांच्यातली’ नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. त्या क्षणी मला हायसे वाटले आणि घरी पोहोचेपर्यंत त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटू लागली. माझ्याच रंगाची, माझ्यासारख्याच केसांची एखादी बाई त्या दुकानात रोज जात असेल, तर तिच्याजवळ सुटकेसाठी अशी कोणती भाषा आहे? पुढे घर शोधताना एका दलालाने मला ब्रातिस्लाव्स्का रस्त्याकडे जाऊच नका असे बजावले आणि कारण विचारल्यावर एवढेच म्हणाला की तेथे ‘न जुळवून घेणारे’ लोक राहतात. चेक बोलण्यात हा शब्द इतका रुळला आहे की समाजाचे नाव न घेताही कोणाविषयी बोलणे चालले आहे ते सर्वांना कळते.

आमची फेरी नेमकी त्याच ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावर सुरू झाली. वाटाड्या म्हणून आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्या याच वस्तीत वाढल्या आणि आजही येथेच राहतात. त्यांचे इंग्रजी सावकाश पण नेमके होते आणि जेथे शब्द अडे तेथे त्या चेकमध्ये सांगत, मी मराठीत आईबाबांना सांगत असे. उंच, जुन्या, मधोमध चौक असलेल्या इमारती दोन्ही बाजूंना होत्या. काहींचे रंग नवे होते, काहींचा गिलावा पार उतरला होता. एका चौकात दोरीवर चादरी वाळत होत्या आणि तीन मुले भिंतीवर चेंडू आपटत होती. बाईंनी आम्हाला दारातच थांबवून फोटो काढू नका असे सांगितले, कारण येथे येणारे पत्रकार नेहमी हाच चौक, हीच मुले आणि हाच उतरलेला गिलावा टिपून नेतात. आम्ही कॅमेरे पिशवीत ठेवले.

या इमारतींचा इतिहास त्यांनी जसा उलगडला, तसा मी चार वर्षांत कोठेही ऐकला नव्हता. ब्रनो हे कापड गिरण्यांचे शहर होते आणि त्याला मोराव्हियाचे, म्हणजे देशाच्या पूर्व भागाचे, मँचेस्टर म्हणत. गिरण्या या भागाच्या आसपास होत्या आणि घरे ज्यू व जर्मन कुटुंबांची होती. ज्यूंना नाझींनी नेले, जर्मनांना १९४५ मध्ये हाकलून देण्यात आले आणि रिकाम्या झालेल्या या घरांत पूर्व स्लोव्हाकियातून कारखान्यांच्या कामासाठी आलेली रोमा कुटुंबे राहू लागली. मग मोराव्हियाचे मूळचे रोमा कोठे गेले, असा प्रश्न बाबांनी विचारला. बाई म्हणाल्या, “ते उत्तर दुपारी होडोनीनला मिळेल, आता सांगितले तर तुम्हाला पुढचे काही ऐकू येणार नाही.” पुढे १९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेल्यानंतर कारखाने बंद पडू लागले, तेव्हा सर्वांत आधी काम गेले ते याच लोकांचे. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची फाळणी झाल्यावर चेक प्रजासत्ताकाने नागरिकत्वाचा जो कायदा केला, त्याच्या अटींमुळे येथेच जन्मलेली, येथेच आयुष्यभर राबलेली अनेक रोमा माणसे एका रात्रीत परदेशी ठरली. हे सगळे त्यांनी एका पानपट्टीएवढ्या दुकानासमोर उभे राहून सांगितले. मधूनच कोणी ओळखीचे जाई, त्याची विचारपूस त्या करत आणि सोडलेल्या वाक्यापासून पुन्हा पुढे जात.

त्यानंतर आम्ही त्याच रस्त्यावरील संग्रहालयात गेलो. रोमा संस्कृती संग्रहालयाची स्थापना १९९१ मध्ये रोमा विचारवंतांच्याच पुढाकाराने झाली आणि २००५ पासून ते सरकारी संस्था म्हणून चालते. आपल्याविषयी इतरांनी सांगितलेल्या गोष्टींऐवजी आपली गोष्ट आपण सांगावी, ही त्यामागची भूमिका आहे आणि ती दालनागणिक जाणवते. गोष्ट भारतापासून सुरू होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघालेले हे लोक इराण, आर्मेनिया आणि बायझंटाईन साम्राज्यातून युरोपात पोहोचले. याचा लेखी दाखला कोणी ठेवलेला नाही, तो त्यांच्या भाषेत आहे. रुडिगर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १७८२ मध्ये रोमानी भाषेचे हिंदुस्थानी भाषांशी असलेले नाते दाखवून दिले, त्याला आता जवळजवळ अडीचशे वर्षे होतील.

येथे बाईंनी आईला शेजारी बसवून घेतले आणि स्वतःच्या नाकाला, कानाला, दातांना बोट लावत एकेक शब्द म्हणू लागल्या : नाख, कान, दांद, छिब. आई प्रत्येक शब्दाला आपला शब्द सांगत गेली. पाण्याला पानी, भुकेला बोख, तरण्या माणसाला तेर्नो, लाकडाला कश्ट. मिठाला ‘लोन’ म्हणतात असे कळल्यावर आई क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, “म्हणजे आपलं लोणचं!” मग अंकांची पाळी आली. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव इथवर बाबाही बरोबर मोजत होते, पण सातला एफ्ता, आठला ओख्तो आणि नऊला एन्या आले तेव्हा ते अडखळले. हे तीन अंक ग्रीक आहेत, वाटेत उचललेले, आणि दहाला पुन्हा ‘देश’ येते. एका भाषेत माणसांचा सगळा प्रवास असा खुणांसारखा साठून राहिला आहे, हे ऐकताना बाबांचे डोळे चमकत होते. १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेत निळ्या-हिरव्या ध्वजावर सोळा आऱ्यांचे लाल चक्र घेण्यात आले, त्याचेही नाते आपल्याकडील चक्राशी आहे. परिषदेचा पहिला दिवस, ८ एप्रिल, हा आज जगभर रोमा दिन म्हणून पाळला जातो.

सहल येथेच संपली असती तर आम्ही अभिमानाने आणि समाधानाने घरी गेलो असतो. भारतातून येणारे बहुतेक पाहुणे येथपर्यंतच ऐकतात, असे बाईंनी नंतर जेवताना सांगितले. कोणी म्हणतात आमचे हरवलेले भाऊ सापडले, कोणी त्यांना साडी भेट देतात, आणि मग पुढच्या दालनात त्यांचे लक्ष लागत नाही. या सहलीचे सर्वांत मोठे श्रेय मी यालाच देईन की ती पाहुण्याला या आनंदात रमू देते, पण तेथे सोडून देत नाही.

पुढच्या दालनांत कायद्यांचा इतिहास आहे. १७१० च्या राजाज्ञेनुसार प्रौढ रोमा पुरुषांना चौकशीविना फाशी द्यावी आणि बायकामुलांचा कान कापून त्यांना हद्दपार करावे असे ठरले होते. कान बोहेमियात, म्हणजे देशाच्या पश्चिम भागात, उजवा कापायचा आणि मोराव्हियात डावा, म्हणजे माणूस पुन्हा सापडला तर त्याला आधी कोठून हाकलले होते ते कळावे. पुढे सम्राज्ञी मारिया थेरेसा आणि तिचा मुलगा जोसेफ दुसरा यांच्या काळात फाशी मागे पडली, पण भटकणे, भाषा आणि समाजाचे नाव यांवर बंदी आली, आणि मुले आईबापांपासून काढून शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. रोमानियाच्या प्रदेशात, वालाखिया आणि मोल्दाव्हियात, तर रोमा माणसे १८५५-५६ पर्यंत गुलाम होती, विकली आणि विकत घेतली जात होती. या शतकाच्या अगदी जवळ येऊन पाहिले तर १९२७ मध्ये, लोकशाही म्हणून गौरवल्या गेलेल्या पहिल्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाने ‘भटक्या जिप्सींचा’ कायदा केला. त्यानुसार या लोकांना बोटांचे ठसे असलेले वेगळे ओळखपत्र जवळ बाळगावे लागे आणि कोठे मुक्काम करायचा त्यासाठी परवानगी घ्यावी लागे.

बाबा त्या मजकुरासमोर बराच वेळ उभे होते. ते सोलापुरात नगरपालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे शिक्षक होते आणि त्यांतील कितीतरी वर्षे सेटलमेंटच्या, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवलेल्या वस्तीच्या, जवळच्या भागात गेली. ते बाईंना म्हणाले, “तुमच्याकडे १९२७, आमच्याकडे १८७१. इंग्रजांनी आमच्याकडे कायदा केला की काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात. पारधी, कैकाडी, भामटा, किती नावं सांगू? तारेचं कुंपण, रोज हजेरी, अंगठ्याचा ठसा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण माझ्या शाळेजवळ चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वर्गात यायचे आणि त्या वस्तीतल्या पोरांना उठवायचे. हे मी १९८० नंतर पाहिलं आहे.” मी भाषांतर करत होते आणि माझा आवाज मला नीट सापडत नव्हता, कारण हे त्यांनी घरी कधीही सांगितले नव्हते. बाईंनी विचारले, “मग तुम्ही काय करायचा?” बाबा म्हणाले की पहिल्या वेळी ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या वेळी दारात उभे राहिले.

आपले आणि रोमा लोकांचे नाते सांगताना आपण शब्दांकडे बोट दाखवतो आणि तेथेच थांबतो. नाकाला नाक म्हणणाऱ्या माणसांशी आपला संबंध आहेच, पण ज्यांच्या भटकण्याला सरकारने गुन्हा ठरवले आणि वस्तीने ज्यांना कायमचे संशयित केले, अशी माणसे आपल्याही गावाच्या कडेला आहेत, आणि रोमांचे दुःख समजून घेण्याचा आपला खरा रस्ता तेथूनच जातो, असे मला त्या दालनात पहिल्यांदा कळले. रोमा आणि आपले बंजारा एकच, असे सोपे समीकरण मात्र बाईंनी मांडले नाही आणि आम्ही तसे म्हणताच त्यांनी ते बाजूला ठेवले. भाषेच्या आधारे भारतातील उगम सांगता येतो, आजच्या एखाद्या जातीकडे बोट दाखवता येत नाही, एवढे त्या स्पष्ट म्हणाल्या.

जेवण दोन रस्ते पलीकडे एका कुटुंबाच्या घरी होते. आम्ही शाकाहारी आहोत हे आधी कळवले होते, म्हणून आम्हाला बटाटा आणि दह्याच्या चक्क्यासारखे सारण भरलेले उकडलेले ‘पिशोत’ आणि तव्यावर भाजलेली ‘मारिक्ल्या’ ही जाड पोळी मिळाली. पीठ, मीठ, पाणी आणि गरम तवा, एवढेच त्या पोळीत असते, आणि गृहिणीने ती हाताने थापली तेव्हा आई उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सहलीतील इतरांसाठी बटाटा भरून शिजवलेले डुकराचे आतडे होते, त्याला ‘गोया’ म्हणतात. जेवण साधे, गरम आणि भरपूर होते, त्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

शाळेचा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला. आमच्या बाईंना सहाव्या वर्षी एक चाचणी दिली होती. घरात रोमानी बोलली जाई, चाचणी चेकमध्ये होती. अर्ध्या तासात निकाल लागला आणि त्यांना ‘विशेष शाळेत’ घालण्यात आले. मंदबुद्धी मुलांसाठी काढलेल्या या शाळांत अभ्यासक्रम कमी असे आणि तेथून निघालेल्याला पुढे चांगल्या शाळेत प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य असे. त्यांच्या वर्गात सोळा मुले होती आणि त्यांतील चौदा रोमा होती. पुढे ओस्ट्राव्हा शहरातील अठरा मुलांनी हा प्रश्न स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेला. तेथे असे पुढे आले की त्या शहरात एखादे रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट होती. न्यायालयाच्या महापीठाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी तेरा विरुद्ध चार मतांनी चेक सरकारला भेदभावासाठी दोषी ठरवले. कायद्यात रोमा शब्द कोठेही नसला आणि हेतू सिद्ध झाला नसला, तरी व्यवहारात एकाच समाजाची मुले बाजूला काढली जात असतील तर तोही भेदभावच, हे त्या निकालाने युरोपभर रुजवले. आईबापांनी संमतीपत्रावर सही केली होती, हा सरकारचा बचावही न्यायालयाने मानला नाही, कारण समानतेचा हक्क असा सही करून सोडून देता येत नाही. विशेष शाळांची नावे बदलली, पण मुलांना वेगळे काढण्याची रीत एवढ्याने संपली नाही, आणि २०१४ मध्ये युरोपीय आयोगाला याच मुद्द्यावर चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू करावी लागली.

बाबा शिक्षक असल्याने त्यांनी येथे सर्वांत जास्त प्रश्न विचारले. चाचणी कोण घेई, पालकांना सही करण्याआधी काय सांगत, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होई का. बाई म्हणाल्या की त्यांच्या आईला एवढेच सांगितले होते की त्या शाळेत वर्ग लहान असतात, बाई प्रेमळ असतात आणि मोठी भावंडे आधीच तेथे आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती आणि ती त्या चाळिसाव्या वर्षी आपल्या मुलीच्या वहीवरून शिकल्या.

आता तक्रारीकडे येते. स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीचा विषय त्यांनी जेवणानंतर गाडीत बसल्यावर, रस्त्याच्या आवाजात सांगितला आणि तो तेथे सांगण्याचा विषय नव्हता. मागच्या बाकावरील दोघांना अर्धे ऐकूच आले नाही. चेकोस्लोव्हाकियात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमा बायकांना पैशांचे आमिष दाखवून, मुले काढून नेण्याची भीती घालून किंवा बाळंतपणाच्या कळांमध्ये कागदावर सही घेऊन त्यांची नसबंदी केली गेली. राजवट बदलल्यावर धोरण गेले, पण काही रुग्णालयांतील सवय गेली नाही. २००५ मध्ये देशाच्या लोकपालांनी या तक्रारींचा अहवाल दिला, २००९ मध्ये सरकारने खेद व्यक्त केला आणि भरपाईचा कायदा होण्यासाठी २०२१ साल उजाडले. १९६६ ते २०१२ या काळात बेकायदा नसबंदी झालेल्या स्त्रियांना तीन लाख कोरुना मिळावेत अशी त्यात तरतूद आहे. ओस्ट्राव्हाच्या एलेना गोरोलोव्हा यांच्यासारख्या स्त्रिया स्वतःवर बेतलेले उघडपणे सांगत त्यासाठी वर्षानुवर्षे लढल्या. भरपाई मागणाऱ्या कित्येक बायकांचे अर्ज मात्र यासाठी अडले की रुग्णालयातील जुनी कागदपत्रे नष्ट झाली होती, म्हणजे ज्या यंत्रणेने अपराध केला तिनेच पुरावाही ठेवला नव्हता. इतकी गंभीर गोष्ट ऐकणाऱ्याला बसून, शांतपणे, प्रश्न विचारत ऐकता आली पाहिजे. आयोजकांनी संग्रहालयातील वेळ दीड तासावरून अडीच तासांवर न्यावा आणि हा भाग तेथेच ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मी ती त्यांना लेखी कळवलीही आहे.

दुसरी तक्रार पत्रकाविषयी आहे. आम्हाला हातात दिलेल्या इंग्रजी पत्रकाच्या मथळ्यात ‘जिप्सी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता, कदाचित पर्यटकांना तो ओळखीचा वाटतो म्हणून. आमच्या बाईंना तो मान्य नव्हता आणि त्यांनी तसे सांगितलेही. ‘रोम’ म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस, त्याचे अनेकवचन ‘रोमा’, आणि शाळेच्या मैदानात त्यांना ज्या शब्दाने हाक मारली गेली तो या मथळ्यातील शब्दाचाच चेक भाऊबंद आहे. ज्या सहलीचा सारा भर आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगण्यावर आहे, तिने पाहुणे मिळवण्यासाठी हा शब्द वापरू नये.

होडोनीनला पोहोचायला पाऊण तास लागला. टेकड्यांमधली, दाट झाडीतली जागा आहे आणि मे महिन्यात ती फार सुंदर दिसते, याचाच त्रास होतो. २ ऑगस्ट १९४२ रोजी देशभरातील रोमांची नोंदणी झाली आणि त्याच दिवसापासून बोहेमियातील लेटी आणि मोराव्हियातील होडोनीन येथील छावण्या रोमा कुटुंबांसाठी कामाला लावल्या गेल्या. होडोनीनमध्ये सुमारे १,४०० माणसे, बायका आणि मुले कोंडली गेली, जागेच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. भूक, थंडी आणि टायफसने २०० हून अधिक माणसे येथेच मेली आणि ८०० हून अधिक माणसांना आउश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. पहारेकरी चेक पोलीस होते. आदेश जर्मनांचे होते हे खरे, पण हजेरी घेणारी, दाराला कडी लावणारी आणि अन्न कापणारी माणसे चेकच होती, आणि म्हणूनच या देशाला ही गोष्ट ऐकायला इतकी दशके लागली.

युद्धानंतर ही जागा सुट्टीतील विश्रामस्थान बनली. मूळची एक बराक उभी राहिली आणि आज दुरुस्त करून जपलेली आहे. आत छत बरेच बुटके आहे आणि लाकडाचा वास आहे. बाबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजली, मग आपल्या जुन्या वर्गाशी तुलना करून ते हलक्या आवाजात म्हणाले की एवढ्या जागेत त्यांनी साठ मुले बसवली होती आणि तीही दाटी वाटत असे. बाईंनी सकाळच्या प्रश्नाचे उत्तर तेथे दिले. युद्धापूर्वी बोहेमिया आणि मोराव्हियात राहणाऱ्या रोमांपैकी छावण्यांतून सुमारे सहाशेच परतले. आउश्विट्झ-बिर्केनाऊमधील रोमा कुटुंबांची छावणी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री रिकामी करण्यात आली, तेव्हा उरलेल्या चार हजारांहून अधिक माणसांना, ज्यांत बहुतेक म्हातारे, बायका आणि मुले होती, वायूने मारण्यात आले. ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावरील आजचे रोमा स्लोव्हाकियातून आले, कारण येथले उरलेच नव्हते.

लेटी या सहलीत नाही, ते बरेच दूर, पीसेकजवळ आहे, पण त्याच्याविषयी न बोलता होडोनीन पुरे होत नाही. लेटीमध्ये सुमारे १,३०० रोमा कोंडले गेले आणि ३०० हून अधिक तेथेच मेले. १९७० च्या दशकात त्याच जागेवर वराहपालन केंद्र उभारले गेले, ज्यात पुढे सुमारे तेरा हजार डुकरे होती. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी जवळच स्मृतिशिळेचे अनावरण केले, तेव्हाही ते केंद्र चालूच होते. ज्यांची आई त्या छावणीतून वाचली होती, ते चेन्येक रुझिच्का आणि त्यांचे सहकारी वीस वर्षांहून अधिक काळ ते हटवण्याची मागणी करत राहिले. सरकारने जागा विकत घेतली, जुलै २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रुझिच्का वारले आणि २०२४ मध्ये स्मारक खुले झाले. आज लेटी आणि होडोनीन ही दोन्ही स्मारके ब्रनोचे तेच संग्रहालय सांभाळते. हे ऐकताना आईने एकच प्रश्न विचारला, “त्या लोकांना तिथे फुलं वाहायला जायचं असेल तर वास यायचा का?” बाई म्हणाल्या, “हो. वारा असेल तसा.”

परतताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही. उतरताना बाबांनी खिशातील वहीत बाईंकडून तारखा नीट लिहून घेतल्या. २ ऑगस्ट रोमा संहाराचा स्मृतिदिन म्हणून युरोपीय संसदेने २०१५ मध्ये मान्य केला आहे, ती तारीख त्यांनी लिहिली आणि तिच्याखाली ३१ ऑगस्ट लिहून बाईंना त्याचा अर्थ सांगितला. बाईंनीही ती तारीख आपल्या फोनमध्ये नोंदवली आणि ‘विमुक्त’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. शाकाहारी असल्यास नोंदणी करतानाच कळवावे. स्मारकापाशी चढ आहे आणि पावसानंतर पायवाट निसरडी होते, माझ्या आईला एका ठिकाणी आधार द्यावा लागला. बारा वर्षांवरील मुलांना न्यायला हरकत नाही, त्याहून लहानांसाठी दिवस फार लांब होतो. संग्रहालयातील वेळ कमी पडतो, म्हणून जमल्यास आदल्या दिवशी स्वतंत्रपणे जाऊन यावे. आणि आपापल्या गाडीने जाणार असाल तर नकाशावर नीट पाहून घ्या, कारण दक्षिणेला होडोनीन नावाचे दुसरे, बरेच मोठे शहर आहे आणि आपल्याला जायचे आहे ते कुन्श्टाटजवळचे, ब्रनोच्या उत्तरेचे छोटे होडोनीन.